नव्वद किलोच्या वरचे

राजदीप माझा नवरा. समोर मी त्याला 'तुमी' म्हणते, लिहिताना म्हणणार नाही. उंची साडेपाच फूट, पण रुंदी देताना निसर्गानं हात आखडता घेतला नाही. बल्लारपूरच्या कागद मिलमध्ये तो रिळांचं वजन करतो. रीळ काट्यावर चढवायचं, आकडा बघायचा, चिठ्ठी लावायची. बावीस वर्षं तो हेच करतो आहे आणि त्याची एक चिठ्ठी चुकलेली कुणी पाहिली नाही.

एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून शब्द मात्र अगदी मोजून निघत. ड्यूटीवरून आला की 'चहा', जेवताना 'मीठ', झोपताना 'लाइट'. मी नगरपालिकेच्या शाळेत दिवसभर साठ पोरांवर ओरडून घरी यायची आणि भिंतीशी लग्न लागल्यासारखी बसायची. भांडायचं म्हटलं तरी समोरून काहीतरी यावं लागतं. मुलगी होती तोवर ठीक होतं. ती अकरावीला नागपूरच्या होस्टेलात गेली आणि घर पार मुकं झालं.

मग मिलच्या डॉक्टरनं त्याला चालायला सांगितलं. तो चालायला लागला, चालता चालता पळायला लागला, आणि एक दिवस पळून आल्यावर ओट्यावर पाय पसरून बसला आणि बोलायला लागला. मी लिंबाचं पाणी मीठ घालून आणलं होतं, ते हातात धरून तासभर बोलत होता. कोठारी रोडला माकडांची नवी टोळी उतरली आहे. वनखात्याच्या डेपोत सागवानाचे ढीग यंदा डोक्याच्या वर गेले आहेत. दहावीत असताना तो एका नाटकात राणी झाला होता. राणी! लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून तो पळून आला की बोलायचा, आणि न पळालेल्या दिवशी पुन्हा 'मीठ' आणि 'लाइट'. मी काय ते ओळखलं आणि त्याच्यासाठी चांगले बूट घेतले. ते बूट मी माझ्यासाठीच घेतले होते, हे आता सांगायला हरकत नाही.

आमच्याकडे सव्वीस जानेवारीला क्रीडा मंडळाची दौड असते. बसस्टँडपासून कोठारी रोडच्या वनखात्याच्या नाक्यापर्यंत आणि परत, बारा किलोमीटर. राजदीप पाच वर्षं पळाला. पाचही वर्षं शेवटचा, फार तर शेवटून दुसरा. त्याचं त्याला काही नव्हतं. पण अठ्ठ्याण्णव साली तो परत आला तेव्हा मांडव निम्मा उतरला होता, शेवटची दोरी गुंडाळून झाली होती, माइकवाला चहाला गेला होता. खुर्च्या उचलणारा एक माणूस त्याला म्हणाला, "भाऊ, साइडनं जा ना." राजदीप साइडनं गेला. घरी आला, पाणी प्यायला, बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आता नाई पळत." संध्याकाळी बूट दारात तसेच होते. चौथ्या दिवशीही, पाचव्या दिवशीही.

माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात. लोक खोटं बोलत नाहीत. सहाव्या दिवशी मी मुखरूभाऊच्या टालवर गेले.

मुखरूभाऊ म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. त्यांची लाकडाची टाल होती, गावातल्या निम्म्या न्हाणीघरांतलं पाणी त्यांच्या लाकडांवर तापायचं, माझ्याही. मंडळाच्या सभा टालवरच भरायच्या. मी गेले तेव्हा चार-पाच जण बसले होते, त्यात त्या वर्षीचा पहिला नंबर, झाडू नावाचा पोस्टमन, अठ्ठावन्न किलोचा काटक माणूस.

मी म्हटलं, "कुस्तीत वजनाचे गट हायेत. बॉक्सिंगमध्ये हायेत. वजन उचलाच्या स्पर्धेत हायेत. पळण्यातच काऊन नाई?"

मुखरूभाऊ हसले. "बाई, पळण्यात वजन कायचं? पाय त जमिनीवरच राह्यते ना."

"मंग झाडूभाऊच्या पाठीवर तीस किलो द्या. पाय जमिनीवरच राहतीन."

सगळे हसले, पण झाडू उठला. त्याला गंमत वाटली असावी. पोत्यात लोखंडी वजनं भरली, तीस किलो, पाठीवर बांधली. तो चौकापर्यंत पळाला आणि परत आला. परत आला म्हणण्यापेक्षा पोहोचला. पोतं खाली टाकून, गुडघ्यांवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "बाई बरोबर म्हणते. राजदीपभाऊ हे घेऊन बारा किलोमीटर पळते? मी त पोस्टापर्यंत नाई जाणार."

पहिला नंबर असं म्हणाल्यावर सभा माझ्या बाजूनं झाली. रेषा कुठं मारायची यावर जरा वाद झाला. ऐंशी म्हटलं तर अर्धा बाजार आत येतो. शंभर म्हटलं तर कुणीच नाही. मुखरूभाऊंनी कोपऱ्यातल्या वजनांकडे पाहिलं. वीस-वीसची चार आणि दहाचं एक. "नव्वद," ते म्हणाले. "सुटं वजन लावाची झंझट नाई." आमच्या गावात जड गट असा ठरला. वजन टालवरच्या काट्यावर करायचं, आणि जड गटाचा शेवटचा माणूस येईपर्यंत मांडव उतरवायचा नाही, हेही मी लिहून घेतलं.

घरी येऊन सांगितलं. राजदीपनं सगळं ऐकलं, काही म्हणाला नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बूट दारात नव्हते. मी लिंबं आणायला गेले.

वर्ष बरं गेलं. फार बरं गेलं.

नव्याण्णवच्या जानेवारीत, मंगळवारी दौड आणि त्याआधीच्या रविवारी वजनं. टालवर ही गर्दी. कुस्तीची पोरं वजन उतरवायला उपाशी राहतात, घाम काढतात. इथं सगळं उलटं. एक जण डझनभर केळी घेऊन बसला होता आणि काट्याकडे बघत एकेक सोलत होता. दुसऱ्याला त्याची बायको तांब्यानं पाणी पाजत होती आणि म्हणत होती, "अजून एक, अजून एक." मोठा तराजू तिपाईला टांगलेला, एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात माणूस उकिडवा.

पहिला बसला मन्सूर. मन्सूरची बेकरी बसस्टँडच्या मागं, गावाचे पाव आणि नानखटाई त्याच्याच भट्टीतून येते. तो बसला आणि पारडं जमिनीला टेकलं. टाळ्या पडल्या. एकशे चार. तो उठून सगळ्यांना सलाम करत होता. मग राजदीप, ब्याण्णव. बाकीचे तिघे, त्यातला जास्तीत जास्त चौऱ्याण्णव. पाच जणांचा गट झाला आणि मला असं वाटलं की गावात माझ्या नावाचा एक रस्ता झाला.

तेवढ्यात शेजारच्या केसरबाईंनी मला मागून ढकललं. "सरिताबाई, तुमीच हे सारं काढलं ना, तुमी पन बसा."

मी बसले. त्रेसष्ट.

सहा डिसेंबरला विहारात रक्तदानाचा कॅम्प होता. तिथं माझं वजन केलं होतं, कार्डावर लिहिलं होतं, साठ. दीड महिन्यात तीन किलो? माझ्या ब्लाउजांनी तसं काही कळवलं नव्हतं.

मी तिथं काही बोलले नाही. मी काही बोलले नाही म्हणजे काय झालं असेल ते बघा. संध्याकाळी परत टालवर गेले, वीस किलो लाकूड घेतलं, लुनाच्या मागं बांधलं आणि थेट बायनाबाईच्या पिठाच्या चक्कीवर. चक्कीच्या काट्यावर गावातल्या सगळ्या बायांची नजर असते, तिथं एक मूठही इकडची तिकडं होत नाही. बायनाबाई म्हणाली, "बाई, लाकडं दळाची हायेत का?"

"वजन कर फक्त."

एकोणीस.

म्हणजे वीसला एक कमी. मुखरूभाऊची वजनं बुडाकडून कोरलेली होती, मग ती त्यांनी कोरली असोत की त्यांच्या बापानं. अकरा वर्षं मी त्या टालवरून लाकूड नेते आहे. झाडूच्या पाठीवर जे तीस किलो बांधले तेही साडेअठ्ठावीसच होते. एरवी मी त्याच पावली परत गेले असते, टालवर उभी राहून असं बोलले असते की रेल्वे स्टेशनापर्यंत ऐकू गेलं असतं. भाजीवालीच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच मी शोधली आहे. दूधवाल्याचं माप मी बदलायला लावलं आहे.

पण चक्कीवरून घरी येता येता मी दुसरा हिशेब केला. ब्याण्णवातून वीसला एक काढा. साडेसत्त्याऐंशी. राजदीप जड गटात बसतच नव्हता. बाकीचे तिघेही नाही. खरा एकटा मन्सूर, नव्याण्णवच्या आसपास.

मुखरूभाऊचं पितळ उघडं पाडलं की राजदीप पुन्हा झाडूबरोबर. पुन्हा शेवटचा, पुन्हा 'साइडनं जा ना', पुन्हा दारात बूट आणि घरात 'मीठ'. मी लाकडं न्हाणीघरात रचली आणि गप्प राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी सोमवारी दिवसभर खाल्ला. शाळेत दोन पोरांना विनाकारण ओरडले.

मंगळवारी सकाळी थंडी होती. झेंडावंदन झालं, दौड सुटली. मी लुनावर त्यांच्या मागं निघणार तेवढ्यात मन्सूरची बायको खुर्शीदा आली. "भाभी, मले पन घ्या ना. हे कुठी बसले-बिसले तर पानी द्यावं लागंल." ती मागं बसली, मांडीवर पाण्याचा डबा. लुनानं आधी जरा तक्रार केली, मग निघाली.

काटक मंडळी केव्हाच पुढं गेली होती. कोठारी रोडला सागाची पानं गळून पडली होती आणि आमचे पाच जण त्यावरून धपधप पळत होते. मन्सूर पुढं, राजदीप दहा पावलं मागं, बाकीचे तिघे त्यांच्या मागं. मिलकडे जाणारे बांबूचे ट्रक आले की ड्रायव्हर मान बाहेर काढून बघायचे. एकानं हसून काहीतरी म्हटलं. मी त्याला जे म्हटलं ते इथं लिहीत नाही.

खुर्शीदा म्हणाली, "दोन महिने झाले, हे सकाळी पाचले भट्टी लावून देतात आन पळाले जातात. मी म्हनलं, वजन कमी झालं त गटातून निघाल. त नानखटाई खात खात पळते." ती हसत होती. मग म्हणाली, "भाभी, एक सांगू? आजवर यायले कोनी 'किती किलोचे हाये' विचारलं त टिंगल कराले विचारलं. रविवारी पयल्यांदा इज्जतीनं विचारलं. घरी येऊन तीनदा सांगितलं मले, एकशे चार, एकशे चार."

मी लुनाचा वेग उगीच वाढवला. थंडीनं डोळ्यांत पाणी आलं असं मी खुर्शीदाला सांगितलं, पण ते थंडीचं नव्हतं. माझ्या नवऱ्यानं ज्या माणसाला मागं टाकावं म्हणून मी रात्रंदिवस लिंबं पिळत होते, त्या रस्त्यावर खरा हक्क एकट्या त्याचाच होता आणि हे जगात मला एकटीला माहीत होतं. तसं मला वाटत होतं.

वनखात्याच्या नाक्यावरून वळताना मन्सूर पुढंच होता. नवव्या किलोमीटरला त्याच्या पायात गोळा आला. खुर्शीदा उतरून पाणी द्यायला धावली. राजदीप त्याच्याजवळ पोहोचला, थांबला. मी पाहिलं, तो थांबला. मन्सूरनं हातानं 'जा, जा' केलं. राजदीप गेला, पण जाताना दोनदा मागं वळून बघितलं. मन्सूर पुन्हा पळायला लागला, मागच्या तिघांना त्यानं पुढं जाऊ दिलं नाही.

बसस्टँडवर मांडव उभा होता. बँड उभा होता. मुखरूभाऊ स्वतः दोरी धरून उभे होते. राजदीप पहिला आला, एक तास एकवीस मिनिटांत, आणि सगळं बसस्टँड ओरडलं. चाळीसएक पावलं मागं मन्सूर. येताच त्यानं राजदीपला मिठी मारली, दोन मोठी पोटं एकमेकांना भिडली, लोक पुन्हा ओरडले. पोस्टमन झाडू, जो अर्धा तास आधी येऊन दुसऱ्यांदा पहिला झाला होता, त्याच्यासाठी एवढा आवाज झाला नव्हता. मुखरूभाऊंनी राजदीपच्या हातात पितळी कप दिला. माइकवाला म्हणाला, "जड गट, प्रथम क्रमांक, राजदीप रामटेके." मी हे वाक्य वर्षभर मनात म्हणून बघत होते.

दुपारी दोन वाजता मी ओट्यावर सतरंजी टाकली, कोमट पाण्याची बादली आणली, लिंबाचं पाणी केलं, आणि समोर बसले. आज किती बोलेल याचा काही नेम नव्हता. कप त्यानं खिडकीत ठेवला होता, माझ्याकडे तोंड करून.

तो काहीच बोलला नाही.

"पाय दुखते का?" मी विचारलं.

"नाई."

"माकडं दिसली का?"

"हो."

बादलीतलं पाणी थंड झालं. मी दुसरं आणलं. तेही थंड झालं. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं. वर्षभराची सगळी खटपट, टालवरची भांडणं, लाकडाबद्दल गिळलेला राग, सगळं ज्याच्यासाठी केलं, तेच आज नव्हतं. तो हरून आला तेव्हा गप्प होता, आणि आज जिंकून आला तरी गप्पच.

चार वाजता त्यानं पाय पुसले. खाली बघत म्हणाला, "सरिता, मी सत्त्याऐंशी किलो चारशे ग्राम हाये."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"काल मिलमध्ये रिळाच्या काट्यावर उभा राह्यलो. सहज. दोन रिळांच्या मधात वेळ होता. तीन वेळा उभा राह्यलो. सत्त्याऐंशी चारशे."

"मंग पळाले काऊन?" मी म्हटलं. माझा आवाज चढला, तो चढतोच. "जड गटात पळाले काऊन? सांगाचं नाई का?"

"तू एवढी भांडली," तो म्हणाला. "वर्षभर. साऱ्या गावाशी. तुया गटात चारच जन राह्यतीन असं कसं सांगाचं तुले? वाटलं, तिसरा-चौथा येईन, कोणाचं काई जानार नाई. पर मन्सूरच्या पायात गोळा आला. मी बावीस वर्षं चिठ्ठी लावून राह्यलो, सरिता. आज माह्याच अंगावर खोटी लागली."

त्याला बाकीच्या तिघांचं माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं टालवर त्याच्या एकट्याच्याच वजनात काही घोळ झाला. मग मी सांगितलं. रक्तदानाचं कार्ड, बायनाबाईची चक्की, वीसला एक. सांगताना मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

"तुले ठाऊक होतं?" तो म्हणाला. "रविवारपासून? आन तू मुखरूभाऊले काईच नाई बोलली?"

"नाई."

"तू?"

"हो, मी."

"माह्यासाठी?"

"तुमच्यासाठी नाई, माह्यासाठी," मी म्हटलं, आणि मग आलंच रडू, ते काही माझ्या हातात नव्हतं. "तुमी पळणं सोडलं असतं त माह्याशी बोललं कोण असतं? तुमी पळून आले तरच बोलता. नाईतर बोलतच नाई तुमी. पोरगी बी घरी नाई. मी काय भिताडाशी बोलू?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गोंडीत बोलते आहे.

"मी बोलत नाई?" तो म्हणाला.

त्याला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तो माझ्याशी बोलतो. डोक्यात सगळं बोलत असणार बिचारा, दिवसभर, रिळं चढवताना, जेवताना, आणि त्यातलं कितीसं बाहेर येतं हे त्यानं कधी मोजलंच नव्हतं. जगातल्या सगळ्या वजनांचा हिशेब ठेवणारा माणूस. माझा राग तिथंच उतरला. मला त्याची इतकी माया आली की मी उठून त्याच्या ओल्या पायांवर उगीचच टॉवेल टाकला.

मग आम्ही कप घेऊन मन्सूरच्या बेकरीवर गेलो.

मन्सूर मैद्याच्या पोत्यावर बसला होता, एक पाय लांब करून, खुर्शीदा त्याच्या पोटरीला तेल चोळत होती. राजदीपनं कप त्याच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. अडखळत, पण स्वतः सांगितलं, मला बोलू दिलं नाही. काट्याचं, पाचही जणांचं, खरं वजन किती ते. शेवटी म्हणाला, "गटात खरा तू एकलाच होता, मन्सूरभाई. कप तुयाच हाये."

मला वाटलं मन्सूर रागावेल. मी तयार होते. मुखरूभाऊला शिव्या देईल, आम्हाला देईल. त्यानं कप हातात घेऊन फिरवला, मग खुर्शीदाकडे बघितलं.

"मतलब," तो म्हणाला, "पुऱ्या बल्लारपुरात नव्वदच्या वर मी एकलाच?"

खुर्शीदाचा तेलाचा हात थांबला. त्याचा चेहरा पार उतरला होता. कपाचं त्याला काही पडलंच नव्हतं. रविवारी टालवर पाच जण रांगेत उभे होते, पाच जण पारड्यात बसत होते, पाच जण कोठारी रोडनं धपधप जात होते, त्याला तेच हवं होतं. आणि आम्ही खरं सांगून त्याला पुन्हा एकट्याला उभं केलं होतं.

"एकल्याची शर्यत राह्यते का, राजदीपभाई?" त्यानं कप परत दिला. "ठेव तुयापाशी. मले माहा गट दे."

मी म्हटलं, "गट राहीन. रेषा खाली आणू. पंच्याऐंशी."

"मुखरूभाऊ मानंल?"

"मुखरूभाऊचं मी पाहतो," राजदीप म्हणाला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. हे वाक्य आमच्या घरात नेहमी माझं असतं.

तरी मुखरूभाऊंना मी राजदीपच्या एकट्याच्या हाती सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही दोघं टालवर होतो. जे झालं ते केसरबाईंनी त्यांच्या अंगणातून ऐकलं आणि अजून सांगतात. आठवड्याभरात वजनांवर नवा शिक्का आला, आणि पुढच्या वर्षी पंच्याऐंशीच्या वर नऊ जण निघाले. त्यात चंद्रपूरहून आलेले दोघे होते, त्यातल्या एकाचं वजन एकशे सोळा. मन्सूर त्याला आठवडाभर नानखटाई पाठवत होता.

पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं. बेकरीतून निघालो तेव्हा सहा वाजत आले होते. राजदीपच्या पायांत चालण्याचं बळ नव्हतं, तरी तो लुनावर बसला नाही, म्हणाला, चालू. मी लुना हातानं ढकलत होते, तो माझ्या बाजूनं, काखेत कप. रेल्वे फाटक बंद होतं. कोळशाची मालगाडी जात होती, ती कधी संपेल सांगता येत नाही. आम्ही उभे राहिलो.

"काल त्या काट्यावर उभा राह्यलो ना," तो एकदम म्हणाला, "त मले माहा बाप आठवला."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो डब्यांकडे बघत होता. आज तो पळून आला होता खरा, पण बोलायची ती वेळ कधीच निघून गेली होती. हातात लिंबाचं पाणी नव्हतं, खाली सतरंजी नव्हती. त्याचा बाप मिलमध्ये हमाल होता, हे मला माहीत होतं. बाप त्याला लहानपणी एकदा कामावर घेऊन गेला, बांबू मोजायच्या मोठ्या काट्यावर बसवलं आणि सगळ्या हमालांना हाक मारून म्हणाला, पहा, माहा पोरगा किती भारी हाये, हे मला माहीत नव्हतं. मग त्या हमालांनी काय म्हटलं ते त्यानं सांगितलं. मग त्या काट्याचं. मग बाप गेला त्या वर्षाचं, ज्याबद्दल तो एवढ्या वर्षांत एक शब्द बोलला नव्हता. मी मध्ये एकदाही बोलले नाही, आणि मला ओळखणाऱ्या कुणालाही हे खरं वाटणार नाही.

मालगाडी संपली. फाटक वर गेलं. मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्न दिला, मग सायकलवाल्यानं घंटी, मग कुणीतरी म्हणालं, "बाई, चला ना." राजदीपचं अजून संपलं नव्हतं. मी लुना रस्त्याच्या कडेला घेतली आणि सगळ्यांना पुढं जाऊ दिलं.